मदत हवी आहे : म्हातारी कुत्री असतानाच पिल्लू आणावे का?

सप्रेम नमस्कार. आम्ही मिरजेजवळ मळ्यात राहतो. आमच्या कारवान जातीच्या कुत्रीला आता मोतीबिंदू झाला असून तिचे मागचे पायही आखडतात. पशुवैद्यांच्या मते हे दुखणे वयाचेच आहे. मोठे कुत्रे साधारणपणे ८ ते १० वर्षे आणि लहान जातींचे १२ ते १५ वर्षे जगतात, हे आम्हाला ठाऊक होतेच. तरीही ज्यांच्या मागोमाग ती अजून उसाच्या बांधावर जाते ते वडील, यापुढे कोणत्याही जनावराला जीव लावायचा नाही, असे म्हणू लागले आहेत. एका नातेवाइकांनी दीर्घायुषी म्हणून पोपट किंवा तारा कासव सुचवले. परंतु आपल्याकडचे पोपट आणि ही कासवे पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे (शिवाय कासव वडिलांबरोबर बांधावर जाणार नाही, ते वेगळेच).

माझ्या मते ती असतानाच पिल्लू आणावे, म्हणजे वडिलांचा दिनक्रम तुटणार नाही. मात्र पिल्लाच्या धसमुसळेपणाचा तिला त्रास होईल आणि वडिलांना ती घाई कृतघ्नपणाची वाटेल, अशी धास्तीही आहे. ज्यांच्या घरी असे घडले असेल, त्यांनी पिल्लू केव्हा आणले आणि दोघांना सुरुवातीला वेगळे कसे ठेवले, हे कृपया सविस्तर कळवावे.