मदत हवी आहे : एका मॅनेजरच्या हाताखाली सतरा जण

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत एचआर बघते. तीन वर्षांत आम्ही चाळीसचे एकशे दहा झालो, पण प्रॉडक्शन मॅनेजरकडे आजही सतरा जण थेट रिपोर्ट करतात. साहेबांनी डबा उघडला की दाराशी चार जण उभे. कुणाला रजा हवी, कुणाला ड्रॉइंगवर सही. परवा तर वरणभात तसाच बंद करून घरी नेला त्यांनी.

१९३३ मध्ये ग्रेक्युनस या व्यवस्थापन सल्लागारांनी मांडलेल्या सूत्राप्रमाणे हाताखाली पाच जण असले तर सांभाळायचे संबंध (साहेबांचे एकेकाशी, गटाशी आणि त्या लोकांचे आपसातले) १००, सहावा आला की थेट २२२. सतराचा आकडा मी साहेबांना दाखवलाच नाही!

तीन टीम लीडर नेमावेत असं माझ्या मनात आहे. पण जुने फोरमन म्हणतात, "काल आलेल्या पोराला विचारून रजा घ्यायची? मग आमची किंमत काय राहिली?" आणि खरं सांगायचं तर साहेबांनाही कुणाला सोडवत नाही.

जुन्यांनाच लीडर करावं, की आधी काही महिने फक्त रजा आणि शिफ्टचं काम सोपवून बघावं? पगार न वाढवता नुसतं पद दिलं तर टिकतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, अंगाशी आलं असेल तर आधी ते.