शब्दचर्चा : 'जोखीमग्रस्त किशोरवयीन' म्हणावे का?

प्रश्न : अमली पदार्थ आणि लैंगिक शोषण यांमुळे ज्या मुलामुलींना एचआयव्हीची लागण होण्याचा संभव आहे, त्यांच्याविषयी कार्यकर्त्यांसाठी एक माहितीपत्रक लिहीत आहे. मसुद्यात 'जोखीमग्रस्त किशोरवयीन', 'व्यसनी मुले' आणि 'बालवेश्या' हे शब्द आले आहेत. ते ठेवावेत का?

उत्तर १ : 'बालवेश्या' हा शब्द सर्वांत आधी काढावा. वेश्याव्यवसाय म्हटले की देवघेव आली आणि देवघेवीत संमती गृहीत धरली जाते. डोक्यावरच्या छपरासाठी किंवा पुढच्या मात्रेसाठी ज्या मुलीचा वापर केला जातो, तिने काहीही विकलेले नसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३३ अमली पदार्थांपासून आणि लगेच पुढचे कलम ३४ लैंगिक शोषणापासून बालकांना संरक्षण देते. तेव्हा 'लैंगिक शोषणाला बळी पडलेली मुले' असे सरळ लिहावे, आणि त्यात मुलगेही येतात हे एकदा स्पष्टपणे नोंदवावे, कारण त्यांचे शोषण सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही.

'जोखीम' या शब्दाबद्दल माझा आक्षेप अधिक खोल आहे. मराठीत जोखीम घेतात, उचलतात, पत्करतात. म्हणजे समजून-उमजून ती अंगावर घेणारा कोणीतरी असतो. धोका मात्र असतो किंवा येतो, त्याला कर्त्याची संमती लागत नाही. टोळक्यातल्या सर्वांत लहान मुलाकडे स्वतःची सिरिंज नसते, टोचून घेणेही त्याला जमत नाही, म्हणून दुसराच कोणी त्याला टोचतो आणि तेही बहुधा आपले झाल्यावर, त्याच सुईने. आधीच्या माणसाचे रक्त सिरिंजमध्ये उरलेले असते. या मुलाने कोणती जोखीम पत्करली? म्हणून 'एचआयव्हीचा धोका असलेली किशोरवयीन मुले-मुली' हेच मला बरोबर वाटते.

उत्तर २ : सहमत आहे. 'व्यसनी' हा शब्द तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. व्यसन लागायला वेळ जातो, लागण मात्र पहिल्याच वेळी होऊ शकते. त्यामुळे 'व्यसनी मुलांना धोका' असे वाचून ज्याने एकदाच टोचून घेतले आहे तो मुलगा स्वतःला त्यातून वगळतो. 'अमली पदार्थ टोचून घेणारी मुले' असे लिहावे.

वयाचाही खुलासा हवा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय मानते, तर बालहक्क करारात बालक म्हणजे सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालील व्यक्ती. १८-१९ वर्षांचे तरुण पहिल्या व्याख्येत बसतात, दुसऱ्या व्याख्येत बसत नाहीत. संरक्षणाच्या तरतुदी सांगताना हा घोळ होऊ देऊ नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तिन्ही शब्द बदलतो. संसर्गाचा संभव असलेल्या घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या प्रतिबंधक औषधांची माहिती मसुद्यात शेवटच्या पानावर आहे, तिच्यावर 'बाधितांसाठी सूचना' असा मथळा पडला आहे. ही औषधे तर ज्यांना लागण झालेली नाही त्यांच्यासाठी असतात. मथळा काय द्यावा?

उत्तर १ : 'सुई किंवा शरीरसंबंधातून लागणीची भीती असल्यास : लगेच, ७२ तासांच्या आत दवाखान्यात या.' आणि हा मजकूर पहिल्या पानावर घ्यावा.