मिठाच्या पाण्याच्या पोहण्याच्या तलावात पीएच पुन्हा पुन्हा का चढतो?

ॲसिड टाकून पीएच (पाणी किती आम्ल आहे याचे माप; आकडा जितका जास्त, तितके आम्ल कमी) ७.४ वर आणला तरी तो लगेच ८ कडे सरकतो, ही आपली तक्रार आहे आणि त्यावर अल्कलिनिटी (ॲसिड शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, जी मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते) १२० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १२० भाग) वाढवण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. माझ्या मते येथे नेमके उलटे करायला हवे. मिठापासून विजेच्या मदतीने क्लोरीन तयार करणाऱ्या सेलमध्ये हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सतत सुटतात, त्यांच्याबरोबर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पीएच चढतो; अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका हा वायू अधिक, म्हणून अशा वेळी अल्कलिनिटी वाढवणारा खाण्याचा सोडा टाकणे म्हणजे आगीत तेल ओतणे. अशा तलावाला ६० ते ८० पीपीएम पुरे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडते, बायकार्बोनेट मात्र मागे राहते आणि भर घातलेले बोअरचे पाणी त्यात आणखी वाढ करते. बादलीवर पांढरे डाग धरणारे पाणी तलावात निराळे कसे वागेल? हाच थर पीएच चढल्यावर सेलच्या प्लेटांवर बसतो.

अल्कलिनिटी उतरवण्यासाठी ॲसिडने पीएच ७.२ पर्यंत आणावा, मग कारंजे चालवून कार्बन डायऑक्साइड उडू द्यावा म्हणजे पीएच आपोआप चढेल आणि पुन्हा ॲसिड द्यावे. ५० हजार लिटर पाण्यात १० पीपीएम कमी करण्यास ३० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण १ लिटर लागते. ते पंप चालू असताना थोडे थोडे सोडावे. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटीही एकदा वेगळी तपासून घ्यावी.