भाचीचा टायटर ४ आला आणि वॉर्ड पोस्टिंग तोंडावर: फॉर्म कसा भरायचा?

रामबागचा_मामा:
नमस्कार मंडळी. भाची इथेच इंदुरात एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंगआधी कॉलेजने आरोग्याचा फॉर्म दिलाय. त्यात ‘हेपटायटिस बी: इम्यून होय/नाही’, ‘कांजण्या: झाल्या/लस घेतली’, ‘एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस): किती डोस’ असे रकाने आहेत आणि खाली आचारसंहितेवर पालकांची सही. तिच्या लहानपणच्या कार्डावर हेपटायटिस बीचे तिन्ही डोस आहेत. तरी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक अँटीबॉडीचं प्रमाण, ४ आला. लॅबवाला म्हणतो, लस फुकट गेली, तिन्ही परत घ्या. पोस्टिंगला महिनाही उरलेला नाही.

१) खरंच तिन्ही परत घ्यायचे का?
२) तोवर वॉर्डात जायचं की नाही?
३) रात्री-बेरात्री सुई टोचलीच तर नेमकं कोणत्या क्रमाने काय करायचं? फॉर्मवर ‘त्वरित कळवावे’ एवढंच लिहिलंय. कोणाला, ते नाही.

मोघम नको, नीट सांगा.

सूक्ष्मजीव_मास्तर:
मामा, लस फुकट गेलेली नाही. तान्हेपणी डोस घेतलेल्या बऱ्याच मुलांचा टायटर अठरा-वीस वर्षांत १० च्या खाली येतो. रक्तातली अँटीबॉडी ओसरते, पण शरीराची आठवण बहुधा शाबूत असते. ती आहे की नाही हे पाहायला आधी एकच डोस द्यायचा आणि एक ते दोन महिन्यांनी टायटर पुन्हा करायचा. १० मिलि-आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त आला की विषय संपला. तो कागद जपून ठेवा, पुढे दरवर्षी टायटर करत बसायची गरज नाही.

१० च्या खालीच राहिला तर उरलेले दोन डोस देऊन मालिका पुरी करायची, म्हणजे आजचा डोस शून्य महिना धरून १ आणि ६ महिन्यांवर. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी परत टायटर. मधला डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिला तिथून पुढे चालू. दुसऱ्या मालिकेनंतरही १० गाठला नाही तर ती ‘नॉन-रिस्पॉन्डर’. मग एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (जुन्या संसर्गाची खूण) तपासून जुना संसर्ग नाही ना हे बघायचं, आणि फाइलवर तसं ठळक लिहून ठेवायचं, कारण सुई टोचल्यावर तिचा उपचार वेगळा असतो.

आता लॅबमध्ये हमखास होणारे घोटाळे. पहिला: अँटी-एचबीएसऐवजी एचबीएसएजी करून आणतात. एचबीएसएजी म्हणजे विषाणूचा अंश, संसर्ग आहे का ते सांगतो. अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण. फॉर्मला दुसरी तपासणी हवी, आणि तीही आकड्यात. नुसतं ‘रिऍक्टिव्ह’ छापलेला रिपोर्ट परत येतो. दुसरा: लस घेतल्यावर आठ-दहा दिवसांत एचबीएसएजी करायचा. लशीतला अंश रक्तात १८ दिवसांपर्यंत सापडू शकतो, रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि घरात रडारड. एचबीएसएजी करायचाच असेल तर डोसच्या आधी रक्त द्या.

प्रश्न २: वॉर्डात जाऊ द्या. कमी टायटर हे पोस्टिंग अडवायचं कारण नाही. फक्त दुसरा टायटर येईपर्यंत फॉर्मवर ‘नाही, डोस सुरू, तारीख अमुक’ असं खरं लिहा. ‘होय’वर खूण केली आणि नंतर सुई टोचली, तर कॅज्युअल्टीवाले तो कागद बघून इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) देणार नाहीत.

छावणीचा_केमिस्ट:
लस विकत घेण्याआधी कॉलेजला विचारा. बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाच्या माथी आहे. विद्यार्थ्यांनाही त्यातच बसवा म्हणून अर्ज करायला काहीच हरकत नाही.

घेतलीच तर दवा बाजारातून आणताना दोन गोष्टी. लस २ ते ८ अंशांत हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. गोठता कामा नये, हे मात्र विसरतात. लोक उन्हाच्या भीतीने कुपी थेट बर्फात खुपसतात आणि तिथेच ती जाते. या लशीत ऍल्युमिनियमचं क्षार असतं, गोठलं की त्याचे कण एकमेकांना चिकटतात. कुपी हलवून टेबलावर ठेवा: चांगली लस सारखी दुधट राहते, गोठून वितळलेलीत कापसासारखे कण दिसतात आणि झरझर खाली बसतात. बर्फाची पिशवी आणि कुपी यांच्यात कागदाची जाड घडी ठेवा.

डोस दंडाच्या डेल्टॉइड स्नायूतच, कुल्ल्यावर नको. तिथे चरबीत गेला तर टायटर नीट चढत नाही. मोठ्यांचा डोस साधारणपणे १ मिलि, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. मोठ्यांचा डोस कोणत्या वयापासून, हे ब्रँडप्रमाणे बदलतं, तेव्हा डब्यातलं पत्रक वाचल्याशिवाय टोचू देऊ नका. बॅच नंबरचा स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या.

रात्रपाळी_सिस्टर:
तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. हे छापून ॲप्रनच्या खिशात ठेवायला सांगा.

सुई टोचली की हातमोजा काढून वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. बस. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-आयोडिन-ब्लीच काही ओतायचं नाही. पिळल्याने आणि चोळल्याने ऊती दुखावतात, फायदा काही नाही. डोळ्यात रक्त उडालं तर खुर्चीत बसून मान मागे टाकायची आणि दुसऱ्या कोणीतरी साधं पाणी किंवा सलाइन हळूहळू ओतायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना आत राहू द्या, धुऊन झाल्यावर काढा. तोंडात उडालं तर थुंकून पुन्हा पुन्हा खळखळून चूळ.

मग सरळ ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे आणि तिथून कॅज्युअल्टीत. एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) दिवसाच्या वेळेतच उघडं असतं, रात्री पहिला डोस कॅज्युअल्टीतून घ्यायचा. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध, ज्याला सगळे ‘पेप’ म्हणतात, दोन तासांत सुरू झालं तर उत्तम; ७२ तासांनंतर देत नाहीत. रुग्णाच्या रिपोर्टची वाट बघत पहिली गोळी अडवून धरायची नाही. रुग्ण निगेटिव्ह निघाला तर बंद करता येते. सध्याची पद्धत टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, रोज एक, २८ दिवस. मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं हे होतं. त्यामुळे दहा-बारा दिवसांनी मुलं मनानेच गोळी सोडतात, तेवढं टाळा.

त्याच वेळी दोघांचं रक्त. रुग्णाचं: एचआयव्ही, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सीची तपासणी). रुग्णाची संमती घेऊनच हं, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात ती लागते. लॅबमध्ये उरलेल्या नमुन्यावर गुपचूप तपासणी करायची नाही. मुलीचं: याच तीन तपासण्या आणि अँटी-एचबीएस. तिचं त्या दिवशीचं रक्त का? पुढे काही निघालं तर ते ड्युटीवर झालं, हे दाखवायला हाच एक पुरावा असतो. नंतर एचआयव्ही ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. तोवर रक्तदान नाही.

हेपटायटिस बीचं गणित टायटरवर. १० किंवा जास्त असल्याचा कागद असेल तर काही करायचं नाही, रुग्ण पॉझिटिव्ह असला तरी. कागद नसेल किंवा टायटर कमी असेल आणि रुग्ण पॉझिटिव्ह किंवा अज्ञात असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन आणि लस, दोन वेगळ्या दंडांत, शक्यतो २४ तासांत. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं आणि प्रत्येक दुकानात नसतं. मास्तरांनी सांगितलेला कागद म्हणून मोलाचा. हेपटायटिस सीसाठी आधी घ्यायचं औषध नाही. रुग्ण पॉझिटिव्ह असेल तर मुलीची आरएनए तपासणी (थेट विषाणू शोधणारी) ३ ते ६ आठवड्यांनी करतात, आणि निघालाच तर आता तो गोळ्यांनी बरा होतो.

धोक्याचे आकडेही माहीत असू द्या. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या सुईतून संसर्ग साधारण ०.३ टक्के. हेपटायटिस बीचा, लस नसेल तर, ६ ते ३० टक्के. पोरं घाबरतात पहिल्याला, आणि ज्याची लस मिळते त्या दुसऱ्याकडे काणाडोळा करतात.

टोचते कुठे, तर वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवताना. टोपण बसवायचंच नाही; अगदी नाइलाज असेल तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात पाठीमागे. कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) लावल्यावर आतली स्टायलेट, म्हणजे सुई, क्षणभर चादरीवर ठेवतात आणि चादर आवरणाऱ्याला ती लागते. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, आणि डबा तीनचतुर्थांश भरला की बंद. वरपर्यंत भरलेल्या डब्यात सुई दाबणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा सगळ्यात नवखा विद्यार्थी.

रामबागचा_मामा:
सिस्टर, मास्तर, केमिस्टभाऊ, फार आभार. दोन शंका उरल्या. ती लोह-कॅल्शियमच्या गोळ्या घेते, चालतील का? आणि वर्गात म्हणे सगळे म्हणतात, सुई टोचली तर सांगू नका, विभागप्रमुख झापतात, हजेरी कापतात.

रात्रपाळी_सिस्टर:
‘पेप’ चालू असेल तर कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतात, शोषली जात नाही. ‘पेप’ची गोळी या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. सोपं म्हणजे ती रात्री झोपताना आणि लोह-कॅल्शियम दुपारी जेवताना. मामा, गोळ्यांची यादी कॅज्युअल्टीत आपणहून सांगायची, ते विचारतीलच असं नाही.

हजेरी_हिशेबनीस:
झापण्याचं म्हणाल तर झापतील, दोन मिनिटं. लपवलं तर ‘पेप’ची वेळ टळते, त्या दिवशीचं बेसलाइन रक्त राहून जातं आणि पुढे कसलाही दावा करता येत नाही. तोंडी सांगून थांबू नका. त्याच दिवशी एका पानावर तारीख, वेळ, वॉर्ड, सुई कसली (आतून पोकळ की टाक्याची), हातमोजे होते का, कॅज्युअल्टीत कोणत्या वेळी दाखवलं, एवढं लिहून संसर्ग नियंत्रण समितीच्या नावे द्या आणि आवक क्रमांक घ्या. रुग्णाचं नाव त्यात घालू नका, नोंदणी क्रमांक पुरे. फॉर्मवर कोणाला कळवायचं ते नाही म्हणता, तर पोस्टिंगच्या आधीच विचारून त्या माणसाचं पद आणि ड्युटीचा नंबर फॉर्मवर लिहून घ्या. सही पालकांची आहे, प्रश्न विचारायचा हक्कही त्यांचाच.

हजेरीची खरी अडचण दुसरीकडे आहे. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतात, म्हणून मुलं कांजण्या अंगावर घेऊन वॉर्डात येतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत वॉर्ड आणि वर्ग दोन्ही बंद, मग टक्के गेले तरी चालतील. कांजण्या न झालेली, लस न घेतलेली मुलगी अशा रुग्णाच्या संपर्कात आली तर संपर्कानंतर ८ व्या ते २१ व्या दिवसापर्यंत तिने रुग्णांपासून दूर राहायचं. दोन आठवडे हातचे गेले, म्हणून तो रकाना आताच भरून टाका. कांजण्यांच्या लशीचे दोन डोस ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने, एमएमआरचे दोन किमान ४ आठवड्यांच्या अंतराने. दोन्ही जिवंत लशी: एकाच दिवशी दोन दंडांत चालतात, नाहीतर मध्ये २८ दिवस हवेत. आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी घेऊन फॉर्म नाकारला गेलेले बरेच असतात. सरकारी मोफत लसीकरणात कांजण्यांची लस नाही, ती बाहेरूनच. ‘लहानपणी झाल्या होत्या बहुतेक’ हे फॉर्मवर चालत नाही. आठवण पक्की नसेल तर आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीची) तपासणी करा किंवा सरळ लस घ्या.

आजारपणाचं पत्र आजारातच, पहिल्या दोन दिवसांत ईमेलने पाठवा. बरी झाल्यावर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणलं की कारकून त्याकडे संशयाने बघतो, आणि त्याचं चुकत नाही.

आचारसंहितेच्या पानाचं थोडक्यात: रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र दरवर्षी ऑनलाइन भरायचं असतं, विद्यार्थ्याचं आणि पालकांचं दोन्ही. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मनावर ताण आला तर टेलि-मानस १४४१६, मराठीतही बोलता येतं. रुग्णाचा किंवा शवविच्छेदन हॉलचा फोटो स्टेटसवर टाकणं याला माफी नाही; चेहरा झाकला तरी नाही.

सूक्ष्मजीव_मास्तर:
एक भर. दुसऱ्या टायटरचं रक्त त्याच लॅबला, त्याच पद्धतीने द्या. दोन यंत्रांचे आकडे १० च्या आसपास सहज मागेपुढे होतात. आणि ९.६ आला तर ‘झालंच की’ म्हणू नका, उरलेले दोन डोस घ्या.