निवांत, निश्चिंत, निष्काळजी: नागपूरचं 'आरामात' यातलं कोणतं?

महालकरीण

भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. चारशे. नवरदेवाच्या नावाआधी 'चि. सौ. कां.'! छापणाऱ्यापुढे पत्रिका धरली, तर चष्मा वर करून म्हणतो, "समजते ना जी लोकायले. आरामात घ्या."

तेव्हापासून या 'आरामात'नं डोकं खाल्लंय. चिंता नाही तो निश्चिंत, काळजी नाही तो निष्काळजी. अर्थ पाहिला तर दोन्ही एकच. पण निश्चिंत माणसाचा हेवा वाटतो आणि निष्काळजी माणसाला नोटीस जाते. असं का? मला वाटतं, काळजी 'करणं' आणि काळजी 'घेणं' ही मराठीत दोन वेगळी कामं आहेत. करत नाही तो निश्चिंत, घेत नाही तो निष्काळजी. आपल्याकडे मात्र दोघांनाही एकाच 'आरामात'ची चादर पांघरतात. तिच्याखाली कोण झोपलंय ते कळतच नाही. मोघम बोलायचं, ढोबळ मोजायचं, पाट्या टाकायच्या आणि वर स्वतःला दिलदार म्हणवून घ्यायचं. चारशे पत्रिकांवर पेन मी फिरवलं, दिलदारांनी नाही.

इतवारीवाला

एका पत्रिकेवरून अख्ख्या नागपूरले कायले धोपटून राहिल्या, ताई? चूक झाली, मान्य. चांगली ठोकळ चूक झाली. पण 'आरामात' हा चालीचा शब्द आहे, चुकीचा नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना भर दुपारी बर्डीच्या बाजारात घाई करून दाखवा, मंग बोलू.

अन् तुम्ही शहरातल्या, महाल भागातल्या, संत्र्याच्या बागेत कधी गेल्या का? आमचं शेत काटोलकडे. मृग बहार घ्याचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडा लागते. त्याले ताण देणं म्हणतात. बाहेरचा माणूस पाहते त म्हणते, पानं सुकून राहिली, मालक बाजेवर पडून आहे, काय हा गलथानपणा! पण भारी जमिनीले ताण किती दिवस, हलक्या जमिनीले किती, हे त्या बाजेवरच्या माणसाच्या डोक्यात असते. पाऊस आला का झाड फुलते. तो निवांत दिसते, त्याचं ध्यान सुटलेलं नसते.

बदलीवर_आलेला

बागेचं पटलं. पण सगळे बागाईतदार नाहीत ना! माझी बदली पुण्याहून झाली, दोन वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात शिकलो की फोनवर "येऊनच राहिलो" याचा अर्थ माणसाची आंघोळ अजून व्हायची आहे. कूलरच्या पंपासाठी माणूस बोलावला. चार दिवस तो 'येऊन राहिला' होता. या चार दिवसांत त्याच्या डोक्यात कसला ताण चालू होता, सांगा! ढिसाळ माणसाला ढिसाळच म्हणा, उगाच त्याच्या बाजेला तत्त्वज्ञान टेकवू नका.

इतवारीवाला

आमचा निदान 'येतो' म्हणते जी. तुमच्याकडचा दुपारी फोन तरी उचलते का?

शब्दवेडा

वादात पडत नाही, पण महालकरीण यांचा 'करणं-घेणं' नियम मला मान्य नाही. फिकीर आपण करतो, घेत नाही. मग तुमच्या नियमानं 'बेफिकीर' ही स्तुती ठरायला हवी. 'बेफिकीर कारभार' म्हटल्यावर ती स्तुती वाटते का? शिवाय 'निर्धास्त' आणि 'बिनधास्त' पाहा. धास्त तीच, पण निर्धास्त माणूस गाढ झोपतो आणि बिनधास्त माणूस सिग्नल तोडतो. इथे करणं-घेणं कुठे आलं? शब्दाची अब्रू त्याच्या फोडीवर नाही, तो कोणाबद्दल वापरला जातो त्यावर ठरते.

याचं उत्तम उदाहरण 'ऐदी'. मुघलांकडे 'अहदी' नावाचे थेट बादशहाच्या चाकरीतले शिपाई असत. मानाची जागा, रोजचं काम थोडं. लोकांनी त्यांना बसलेलंच पाहिलं आणि हुद्द्याची शिवी झाली. उलट पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आलेला गोव्याचा 'सुशेगाद' पर्यटकांना कौतुकाचा वाटतो. गोव्याचा माणूस पडला की सुशेगाद, नागपूरचा पडला की आळशी! इतवारीवाल्यांचा राग मला इथे समजतो.

वर्ध्याची_लेक

एक अवांतर. वर्तमानपत्रात 'महापालिकेचा भोंगळ कारभार' असा मथळा आला की आमचे आजोबा खो खो हसायचे. आमच्याकडे भोंगळा म्हणजे कपड्यांवाचून उघडा. लहानपणी मला खरंच वाटायचं की साहेब लोक तसेच बसले असतील.

महालकरीण

वर्ध्याची लेक, हे वाचून चहा सांडला.

शब्दवेडा, बेफिकीरनं मला पकडलंत. नियम अर्धा मागे घेते. तक्रार मात्र नाही. ऐदी शिपायावर अन्याय झाला असेल, पण माझ्या छापखान्यावर झालेला नाही. आणि इतवारीवाले भाऊ, तुमच्या बाजेवरच्या माणसाला मी निवांत म्हणेन, मानानं म्हणेन. पण ताण किती दिवस ते त्याला मोजता येतं. 'चि.' कोणाचं आणि 'चि. सौ. कां.' कोणाचं, एवढंही ज्याला मोजायचं नाही, त्यानं 'आरामात' हा शब्द त्याच्याकडून उसना घेऊ नये.

बदलीवर_आलेला

लग्न वेळेवर लागलं का, तेवढं सांगा.

महालकरीण

मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा. मंगलाष्टकं सव्वाला सुरू झाली, कारण नवरदेवाचे मित्र दारात नाचून राहिले होते. त्यांच्यात मीही होते.