दारूमुक्तीचं ॲप: दिवसांचा आकडा दाखवावा का?

बीड_कोडर: ऊसतोड कामगारांसाठी ॲप करतोय. पहिल्याच पानावर 'बिनदारूचे दिवस' मोठ्या अक्षरात, सोबत बक्षीस म्हणून बिल्ले. ठीक आहे का?

समुपदेशक_लातूर: ठेवा, पण एकदा पिली म्हणून शून्य करू नका. 'सगळंच गेलं, आता पिऊनच घेऊ' इथूनच माणूस पुन्हा दारूला लागतो. एकूण दिवस दाखवा. रोज एकच प्रश्न: न पिण्याची इच्छा ० ते १० मध्ये किती? ४ दाबलं तर '४ का, २ का नाही?' विचारा, म्हणजे न पिण्याची कारणं तो स्वतःच सांगेल. '१० का नाही' विचारलंत की तो अडचणींचाच पाढा वाचणार.

जालना_डेव्ह: उचल (आगाऊ रक्कम) किंवा खर्ची (खर्चाला मिळणारे पैसे) मिळते त्या दिवशी दुपारीच सूचना जाऊ द्या, रात्री उपयोग नाही. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढ्यासाठी एक मोठं बटण, दाबलं की लेकराचा आवाज, फोनमध्येच साठवलेला. फडात रेंज कुठली! घरात फोन एकच, म्हणून सूचनेत 'दारू' शब्द नको.

समुपदेशक_लातूर: बक्षिसांचे बिल्ले नंतर बघू, आधी हे: रोज भरपूर पिणाऱ्याला ॲपनं 'आजच बंद करा' म्हणू नये. एकदम सोडल्यावर झटके, भास होऊ शकतात, जिवावर बेततं. हात थरथरतात का, आधी झटका आला होता का, हे सुरुवातीलाच विचारा. 'हो' आलं की थेट दवाखाना. नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ प्रत्येक पानावर.