नाशिकमधली ड्रग्जविरोधी कारवाई: तुम्ही जवळून काय पाहिलंत?

ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन, नशेची पावडर) कारखाना सापडला, तोही मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी येऊन पकडला, माल जवळजवळ ३०० कोटींचा. आपल्या दारात हे चालू होतं याची बोच मला अजून आहे. तोपर्यंत कारवाई म्हणजे गोदाकाठी गांजा ओढणारी पोरं उचलायची, एवढंच मी बघत आलो होतो. नंतर आपले पोलीसही मागे लागले, माग काढत सोलापूर जिल्ह्यापर्यंत गेले. तुमच्या भागात काय बदललं? ऐकीव नको, स्वतःचं लिहा. नावं टाळा.

पंचवटीतला दुकानदार
मी एका झडतीला पंच, म्हणजे साक्षीदार होतो. रात्री शटर ओढत होतो, हवालदार म्हणाले चला शेठ, पाच मिनिटं. चार तास गेले. साहेबांनी त्या पोराला आधी सांगितलं की तुझी झडती मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घे म्हणायचा तुला हक्क आहे, ते लिहून घेतलं, मग खिशातून छोटी पिशवी निघाली, आत मिठासारखी पावडर. काट्यावर वजन, व्हिडिओ, लाखेचं सील, आमच्या सह्यांची लेबलं. पोरगं माझ्या भाच्याएवढं असेल, सारखं पाणी मागत होतं. मला रात्रभर झोप नाही आली.

कोर्टात जाणारी
दादा, तुम्ही थांबलात ते फार मोलाचं. झडतीचा तो हक्क सांगितला नाही तर केस तिथेच ढिली पडते, मी स्वतः बघितलंय. आणि वजनावर सगळं ठरतं: एमडी २ ग्रॅमपर्यंत असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष, ५० ग्रॅमच्या वर गेलं की किमान दहा वर्षं आणि जामीन जवळपास नाहीच. गांजाला हेच आकडे १ किलो आणि २० किलो.

सिडकोतली आई
माझा मुलगा एमडी घेणाऱ्यांत सापडला. दोन दोन दिवस झोपायचा नाही, जबडा सारखा हलत राहायचा, आम्हाला वाटायचं अभ्यासाचं टेन्शन. चौकीत एका मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, ताई, तो स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर कायद्यात सोय आहे, वकिलाला अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४ए विचारा. हे आधी कोणीच बोललं नव्हतं, उलट एका ओळखीच्यानं पैसे द्या मिटवतो म्हणून आमच्याकडून तीस हजार उकळले. प्लीज, कुणाच्या घरी असं झालं तर पैसे देऊ नका, आधी हे विचारा.

मेडिकलवाला, नाशिकरोड
अल्प्राझोलमच्या (चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या) गोळ्या मागायला पोरं येतात, चिठ्ठी नसते. या गोळ्यांचं रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं, मी ठेवतो. नाही म्हटलं की शिव्या खातो, पण देत नाही.

अंबडचा गाळेवाला
गाळा भाड्याने देताना आधी फक्त डिपॉझिट बघायचो. आता काय बनवणार, केमिकल कोणतं, सगळं विचारतो आणि महिन्यातून एकदा आत चक्कर मारतो.

पंचवटीतला दुकानदार
@कोर्टात जाणारी, समन्स आलंय ताई. घरचे म्हणतात कशाला लफड्यात पडता, पण सही माझी आहे, त्या दिवशी दुकान बंद ठेवून जाणार. साक्षीआधी पंचनामा वाचायला मिळतो का?